सोळा

अंड्यांच्या ट्रेमध्ये अकरा वर्षं पडून होते
आठ वॉल्व्ह, आठ स्प्रिंगा, आठ टोप्या,
आणि खोकल्याच्या औषधाच्या बाटलीत कॉटर,
फोडलेल्या चिंचोक्यांसारखे,
दोन जुळले तरच एक.
प्रत्येक खळग्यात चिकटपट्टी, तिच्यावर आईचं अक्षर,
केसपेपरवर लिहायची तसंच उभट:
"तीन. धुराचा. कड किंचित जळलेली."

फियाट आईची. तीच चालवायची,
मेयोची रात्रपाळी संपवून पहाटे इंदोऱ्याला,
टोपी डॅशबोर्डवर, खिडकी पूर्ण खाली.
निवृत्त झाली त्या महिन्यात तिनं इंजिन उघडलं.
मग मोतीबिंदू, मग बाबांचं आजारपण,
मग नुसतंच राहून गेलं.

यंदा मे महिन्यात मीच म्हटलं, बसवू.
पहाटे पाचला सुरुवात, नवाच्या आत आवरतं घ्यायचं;
नंतर शेडच्या पत्र्याखाली पाना हातात धरवत नाही.
आई कूलरसमोर खुर्ची टाकून,
पण कूलर बंद. म्हणाली, आवाज ऐकू येत नाही त्याच्यात.

पेस्ट लावून काठी दोन्ही तळव्यांत फिरवायची,
ताक घुसळतात तशी,
मधेच उचलायचा वॉल्व्ह, थोडा वळवून पुन्हा ठेवायचा.
खर्र खर्र. खर्र.
"अजून खडबडीत हाय."
खर्र. सर्र.
"आता मऊ झाला. थांब. रॉकेल ओतून पाह्य."
झिरपलं नाही.
तिला माझा चेहराही धड दिसत नाही आता,
पण सीट बसली की नाही, ते कळतं.

स्प्रिंग दाबायची क्लॅम्पनं,
बोटावर ग्रीस, ग्रीसवर कॉटर,
श्वास धरून आत सरकवायचा
आणि क्लॅम्प ढिला करताना मनात काहीही म्हणायचं नाही.
एक, दोन, पाच, सात वॉल्व्ह झाले.
आठव्याला हात घसरला.
टिंग.

"पडला?"
"पडला."
"किती झाले?"
"पंधरा."

झाडू मारला. चाळणीनं धूळ चाळली.
कूलरच्या टाकीत हात घातला,
पायजम्याची दुमड उलटी केली.
शेवटी म्हटलं, गड्डीगोदामात मिळेल आई, जुन्या मालात,
रझ्झाकभाईंकडे, फार तर वीस रुपयाला.

"नवीन मिळते. पण जुना कुठी हाय, ते सांग आधी."

मी बँकेतला माणूस, रोज संध्याकाळी कॅश जुळवतो;
एक रुपया कमी आला तर खिशातून टाकून घरी येतो.
आई म्हणाली, एकदा पोट शिवायला घेतलं होतं,
ट्रेमध्ये एक गॉज कमी.
डॉक्टर म्हणाले, सिस्टर, तुम्ही चुकलात मोजायला.
"मग?"
"मग काय. सुई धाग्याचा डबा पाठीमागं धरून उभी राह्यली.
ओरडू देल्लं."
गॉज कुठे सापडलं ते तिनं सांगितलं नाही.
मीही विचारलं नाही.

मग फुटक्या रेडिओच्या स्पीकरचं चुंबक
तारेला बांधून मी हेडच्या भोकांत सोडत गेलो.
पहिलं, रिकामं. दुसरं.
तिसऱ्यात, हवेच्या वाटेत, खोल,
क्लिक झालं,
इतकं बारीक की आधी आईनंच ऐकलं.

उद्या मी झाकण लावलं असतं.
बोल्ट आवळले असते, नीट, क्रमानं,
आणि तो तिथेच असता,
पहिल्या फेऱ्यात आत ओढला जाण्याची वाट बघत.

ती काही बोलली नाही.
हात पुढे केला. मी कॉटर तळव्यावर ठेवला.
अंगठ्यानं पुसला, वास घेतला, परत दिला.
"सोळा," म्हणाली. "आता झाक."

गाडी सुरू झाली का, ते विचारू नका;
बॅटरी अजून आणायची आहे, कार्ब्युरेटर वेगळंच प्रकरण आहे.
पण रविवारी प्लग काढून हॅन्डल फिरवलं,
रॉकर एकेक करून माना डोलवायला लागले,
टक, टक, टक,
मला सगळे सारखेच वाटले.

"तीन नंबर ढिला हाय बाप्पा,"
खुर्चीतून आवाज आला.
"पाते घाल मधात. आन् हळू.
झोपलेल्याच्या बोटातली अंगठी काढतेत तसं."